जावक क्रमांक बारा

परदेशात दोन वर्षं काढून आलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "तिकडं काय शिकलात?" मी तिकडं एक रिपोर्ट लिहिला होता. छान टाइप केलेला, जाड पुठ्ठ्याचा. त्याबद्दल आजपर्यंत एकानंही विचारलेलं नाही! लोकांना हवं असतं ते मधलं. आणि हे मधलं कधी साठतं ते कळतही नाही. शिवणाच्या डब्यात सुटी बटणं जमतात तसं. टाकवत नाहीत, आणि लावायला तो सदराही राहिलेला नसतो. मग चारजण बसले की डबा उपडा करायचा. आज तुम्ही बसलाच आहात, तर करतो.

एक आधीच सांगून ठेवतो. यातलं बरंचसं हसण्यासारखं आहे आणि मी हसतच सांगणार आहे. पण ती दोन वर्षं मी फार एकटा होतो, आणि इकडे देवासला माझे वडील माझ्याहून एकटे होते. तेवढं ध्यानात असू द्या.

* * *

आमचं गाव देवास. माळव्यात राहूनही घरात मराठी, कारण आमचे कोणी खापरपणजोबा दरबाराच्या मागोमाग लेखणी घेऊन आले आणि इथलेच झाले. देवासला राज्यं दोन होती. एकाच घराण्याच्या दोन शाखा, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, दरबार दोन, आणि मधून रस्ता.

आमचे अण्णा धाकट्या पातीच्या दफ्तरात आवक-जावक सांभाळत. आलेल्या कागदाला आवक नंबर, गेलेल्या कागदाला जावक नंबर, आणि दोन्हींची नोंद एका लांबरुंद वहीत. तिला आमच्याकडे बारनिशी म्हणत. तारीख, कोणाकडून कोणास, विषय, आणि शेवटी शेरा. संस्थानं गेली, दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, अण्णांना पेन्शन लागली. पण हात थांबेना! त्यांनी घरचीच बारनिशी घातली. दूधवाल्याची चिठ्ठी आली की आवक. माझी थोरली बहीण, ताई, धारला दिली होती. तिला कार्ड टाकलं की जावक. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, आणि दोघांत ती वही.

मी मध्यभारत सरकारात आकडेमोडीच्या खात्यात होतो. तिथून माझी निवड झाली ती न्यूझीलंडला एक वर्षाच्या रिसर्च ट्रेनीशिपसाठी. राजधानीत, सरकारला धोरणांबाबत सल्ला देणारी एक संशोधन कचेरी होती, तिथे. गावानं एवढ्या भानगडीत न पडता "दत्तू विलायतेला निघाला" असं करून टाकलं.

निघायच्या दिवशी मोटार स्टँडवर सगळी आळी होती. ताई धारहून आली होती आणि रडत होती. अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. त्यात सूचना होत्या. चि. दत्तात्रयाच्या पत्रांसाठी बारनिशीत स्वतंत्र पाने घातली आहेत. प्रत्येक पत्रास क्रमांक घालणे. मिळालेल्या पत्राचा क्रमांक उत्तरात नमूद करणे. मधला क्रमांक न आल्यास पत्र गहाळ समजून चौकशी करणे.

मोटार सुरू झाली तेव्हा अण्णा खिडकीपाशी आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"एकापासून सुरू कर," अण्णा म्हणाले. "काही लोक शून्यापासून करतात, ते चूक."

* * *

तिकडं पोचलो तो शुक्रवार होता. मिसेस डॉयल नावाच्या विधवा बाईंच्या घरी माझी खोली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी साबण आणि टपालाची तिकिटं आणावीत म्हणून बाहेर पडलो, तर सगळा बाजार बंद! एकूण एक दुकानाला कुलूप, ट्राम रिकामी, रस्त्यावर वारा सोडून कोणी नाही. एवढी मोठी राजधानी आणि चिटपाखरू नाही.

आता देवासच्या माणसाला बंद बाजाराचा एकच अर्थ माहीत. दरबारात कोणीतरी गेलं! लहानपणी मी ते पाहिलेलं होतं. थोरल्या पातीत कोणी गेलं तर धाकट्या पातीच्या दुकानांनीही फळ्या लावायच्या, भाऊबंदच ते. माणसं उघड्या डोक्यानं हिंडायची, मोठ्यानं बोलायची नाहीत. मी हिशेब केला, इकडे दरबार म्हणजे इंग्लंडची राणी. तरुण बाई, पोरं लहान. मला खरंच वाईट वाटलं.

मी हॅट काढून काखेत मारली, तसाच घरी आलो, आणि मिसेस डॉयलपुढं उभा राहून हळू आवाजात सांगितलं की झालं ते फार वाईट झालं, आमच्याकडची माणसंही दुःखात असतील. बाई पांढऱ्या पडल्या. धावत जाऊन रेडिओ लावला. त्यावर घोड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. आम्ही दोघं उभ्यानं त्या ऐकल्या. मग त्यांनी विचारलं, नक्की कोण गेलं? मी म्हटलं, ते तुम्हीच सांगा, बाजार बंद आहे.

"कोणी गेलेलं नाही," मिसेस डॉयल म्हणाल्या. "आज शनिवार आहे."

तिथं शनिवार-रविवार दुकानं उघडतच नसत. माणसं आपापल्या घरात, आपापल्या बागेत. सोमवारपर्यंत कोणी कोणाला भेटत नसे. पुढं मी जेवढे शनिवार काढले, ते मला सुतकासारखेच गेले.

* * *

आमच्या कचेरीचे साहेब मिस्टर ग्रीव्ह्ज. उंच, वाकलेले, पाइप तोंडात पण बहुधा विझलेला. तेव्हा त्यांच्याकडे प्रश्न होता तो लहान लहान स्थानिक कारभार एकत्र करावेत की वेगळे ठेवावेत, हा. मला त्यातच घातलं होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि तुमच्याकडचं काहीतरी सांगा म्हणाले.

मी फळ्यावर एक रस्ता काढला. ही बाजू थोरली पाती, ती बाजू धाकटी पाती. इकडे एक राजा, तिकडे एक राजा. इकडची कचेरी वेगळी, तिकडची वेगळी. मामाचं घर समोर होतं, म्हणजे आम्ही राज्य ओलांडून मामाकडे जेवायला जात असू. लोक हसायला लागले. मी गंभीर होतो, त्यामुळे आणखी हसले. मागं बसलेल्या एकाला तर मी हे रचून सांगतोय असंच वाटत होतं.

ग्रीव्ह्ज साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खडूनं रस्त्याच्या बरोबर मध्ये एक टिंब काढलं आणि विचारलं, "इथं उभ्या असलेल्या माणसानं तक्रार कुणाकडे करायची?"

मी विचार केला. असा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "आमच्याकडे तिथं कोणी उभं राहत नाही. प्रत्येकाला घर असतं."

साहेबांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी जागेवर येऊन बसलो आणि फळ्यावरच्या त्या टिंबाकडे तास संपेपर्यंत बघत राहिलो. त्या टिंबावर सध्या मीच उभा होतो.

* * *

अण्णांचं ठाम मत, सरकारी माणसाची पत्रं सरकारी पत्त्यावर जावीत. म्हणून त्यांची निळी हवाई पत्रं माझ्या खोलीवर न येता कचेरीत येत. आतला मजकूर मोडीत. बाहेर मात्र सुंदर इंग्रजी अक्षरात स्वतःचं नाव आणि खाली "देवास ज्युनिअर". ते धाकट्या पातीचं राज्य जाऊन सात वर्षं होत आली होती, पण हाताची सवय!

कचेरीत रेकॉर्ड्सला मिस पोर्टर होत्या. नाकावर चष्मा, आणि त्यावरून बघणं. अण्णांचं पहिलं पत्र त्यांच्या हाती पडलं. वर माझं नाव होतं, पण पत्ता कचेरीचा आणि पाठवणारा कुठल्यातरी राज्याचा. त्यांनी पत्र उघडलं. लिपी ओळखीची नाही, वर डाव्या कोपऱ्यात नीट नंबर आणि तारीख. मिस पोर्टरनी ओळखलं, हे परराज्याचं सरकारी पत्र! शिक्का मारला, नवी फाइल उघडली आणि वर पाठवली.

ते पत्र माझ्यापर्यंत पोचायला नऊ दिवस लागले. फाइलवर तोवर तीन अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या होत्या. एकानं लिहिलं होतं, शेतीखात्यास विचारावे. शेवटी माझ्याकडे हुकूम आला की तर्जुमा करून उत्तराचा मसुदा सादर करावा.

मी काय करणार! इमानानं तर्जुमा केला. "चि. दत्तात्रय यास अनेक आशीर्वाद. येथील क्षेम. तेथे थंडी असल्याचे समजते. कानटोपी घालतोस किंवा कसे, ते उलट टपाली कळविणे. ताई धारहून येऊन गेली. कळावे." टाइप केलं, फाइलला लावलं आणि मान खाली घालून बसून राहिलो.

संध्याकाळी फाइल परत आली. समासात ग्रीव्ह्ज साहेबांचा शेरा होता, "टोपी घालावी." खाली सही.

हे सगळं मी अण्णांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. तेथील दफ्तर उत्तम चालले आहे. साहेबांचा शेरा योग्य आहे, त्याप्रमाणे वागणे.

मिस पोर्टरनी ती फाइल बंद केली नाही. पुढची सगळी पत्रं तिच्यातच लागत गेली, फक्त सह्यांशिवाय. त्या स्वतः आणून देत आणि दारात क्षणभर थांबत. घरी सगळं ठीक आहे ना, एवढं माझ्या तोंडावरून बघून जात.

* * *

कोपऱ्यावर फळांचं एक दुकान होतं, ते निघालं गुजराती माणसाचं! रणछोडभाई. नवसारीकडचे, वडिलांच्या वेळेपासून तिथं. मला मराठी बोलायला कोणी नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हती. पण आपल्याकडच्या तोंडाचा माणूस तर होता. मी माळव्याच्या हिंदीत बोलायचो, ते गुजरातीत. दोघांना मिळून बारा आणे कळायचं.

मी रोज कचेरीतून येताना त्यांच्याकडून एक केळं घ्यायचो. एकच. ते निवडायला पाच मिनिटं, पिशवीत घालायला दोन, आणि वर आज वारा फार आहे, अशी चार वाक्यं. मग घरी.

असे तीन-चार महिने गेले. एक दिवस रणछोडभाईंनी माझ्यापुढं अख्खी फणी ठेवली. म्हणाले, भाई, रोज रोज एकेक कशाला, डझन घेऊन जा, स्वस्त पडेल, आठवडाभर चालेल.

मी ती फणी बघितली. खरं होतं त्यांचं.

"आठवडाभर चालेल," मी म्हटलं, "पण मग उद्या मी कुठं जाऊ?"

रणछोडभाईंनी फणीतलं एक केळं तोडून दिलं, आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी दुकानात एक स्टूल आलं.

* * *

तरी मराठी ती मराठीच. सहा महिने कानावर एक अक्षर नाही! आपण मनात मराठीत बोलतो म्हणतात, पण मनातलं बोलणं ऐकू येत नाही. मला भीती वाटायला लागली की परत जाईन तेव्हा अण्णांशी बोलताना अडखळेन.

मग मी संध्याकाळी खोलीत मोठ्यानं मराठी बोलायला सुरुवात केली. पण एकट्यानं बोलायचं काय? "या, बसा" म्हणून बघितलं. फार वाईट वाटलं. शेवटी पाढे धरले. अण्णांनी लहानपणी छडी घेऊन पाठ करून घेतलेले, पावकी, निमकी, दिडकी. एक दीड दीड, बे दीड तीन, तीन दीड साडेचार. येरझारा घालत, सुरात. मन भरून यायचं! दिडकी म्हणताना रडणारा माणूस जगात बहुधा मी एकटाच असेन.

खाली मिसेस डॉयलना ते ऐकू जायचं. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी सुरू केलं की त्यांचा रेडिओ बंद होतो. एकदा त्यांची बहीण आली होती. मी जिन्यावरून उतरत होतो, तर मिसेस डॉयल तिला सांगत होत्या, माझा भाडेकरू फार धार्मिक मुलगा आहे, एक दिवस प्रार्थना चुकवत नाही.

सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी दबकत विचारलं, "त्या प्रार्थनेत आमच्या घरासाठीही काही म्हणता येईल का?" त्यांचे यजमान लढाईत गेले होते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासाठी औटकी म्हटली. साडेतीनाचा पाढा, सगळ्यांत अवघड. एकदाही चुकलो नाही.

* * *

वर्ष संपत आलं तेव्हा ग्रीव्ह्ज साहेबांनी बोलावून विचारलं, आणखी एक वर्ष राहता का? रिपोर्ट मोठा करू, तुमच्या सरकारला मी लिहितो. महिन्याभरात सांगा.

खरं सांगू? मला राहायचं नव्हतं. पण संधी मोठी होती, आणि नको म्हणायला मला कारण हवं होतं. ते कारण अण्णांनी द्यावं अशी माझी इच्छा होती. मी लिहिलं, आपली आज्ञा असेल तसे करीन. आणि वाट बघत बसलो. मनात पक्कं होतं, "नको, ये" असं येणार. बोटीची तारीखसुद्धा विचारून आलो होतो.

पत्र आलं. मिस पोर्टर दारात थांबल्या. मी उघडलं. जा. क्र. १३. "हरकत नाही."

दोनच शब्द! वर आशीर्वाद, खाली कळावे. सरकारात परवानगी देतात तशी.

मी राहिलो. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. मग लक्षात आलं की याच्या आधीचं पत्र अकरा नंबरचं होतं. बारा आलंच नव्हतं. नियमाप्रमाणे चौकशी केली, जा. क्र. १२ मिळाले नाही, गहाळ झाले काय?

उत्तर आलं, "क्र. १२ दफ्तरी आहे. आल्यावर पाहणे."

* * *

दुसऱ्या वर्षी अण्णांची पत्रं बदलली. आधी त्या निळ्या कागदावर बारीक मोडीत पंचवीस-तीस ओळी असत. त्या पंधरा झाल्या. मग आठ. अक्षर मोठं मोठं होत गेलं, ओळी तिरक्या जायला लागल्या. शेवटी शेवटी तर अख्ख्या कागदावर चार ओळी.

मला वाटलं, रागावले आहेत. लिहायचं म्हणून लिहितात. मग मीही रागावलो आणि आखडतं लिहायला लागलो. दोघं मिळून एकमेकांना कमी कमी लिहीत होतो, नंबर मात्र न चुकता घालत होतो!

मधे ताईचं धारहून पत्र आलं. अण्णांना आठ दिवस राहायला आणलं होतं, पण तिसऱ्या दिवशीच परत गेले. म्हणाले, दत्तूचं टपाल देवासला येतं, तिथं कोणी नको का? जाण्याआधी त्यांना मांडूला नेऊन आणलं. धुकं इतकं होतं की अण्णांना काहीच दिसलं नाही.

मला हसू आलं. एवढं वर मांडूपर्यंत चढून जायचं आणि काही बघायचं नाही! अण्णांच्याच बाबतीत व्हायचं, म्हटलं.

* * *

परतलो तेव्हा गंमत अशी झाली होती की ज्या सरकारनं मला पाठवलं ते सरकारच उरलं नव्हतं. मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झालेलं! मी जन्मलो ते राज्य नाही, नोकरीला लागलो ते राज्य नाही. रिपोर्ट कोणाला सादर करायचा हे इंदूरला कोणालाच सांगता येईना. त्याचा विषय होता, राज्यकारभारांचे एकत्रीकरण.

रिपोर्ट बगलेत मारून देवासच्या मोटारीत बसलो. स्टँडवर उतरलो, तर अण्णा नाहीत. आमचा पोस्टमन उभा होता, रामलाल. मला आठवतं तेव्हापासून आमच्या गल्लीत टपाल वाटणारा. त्यानं माझी ट्रंक उचलली आणि चालायला लागला. थोडं चालल्यावर म्हणाला, "भिया, एक बात पूछूँ? उधर का पोस्टमन सच में टैम पे आता है?"

माझे पाय जागच्या जागी थांबले. हे मी अण्णांना एका पत्रात लिहिलं होतं! इथला पोस्टमन घड्याळ लावून घ्यावं असा येतो, आपल्या रामलालसारखा पानवाल्याकडे गप्पा मारत बसत नाही, म्हणून.

मी विचारलं, तुला कसं कळलं? तर तो म्हणाला, वर्ष होत आलं, तुमची पत्रं मीच वाचून दाखवतो. मराठी वाचायला त्रास होतो, पण अक्षर तर आपलंच, हिंदीचंच आहे. ती पानवाल्याची ओळसुद्धा मी वगळली नाही.

"अण्णा साब बोले," रामलाल म्हणाला, "ये लाइन दुबारा पढ़."

तू का वाचतोस, असं मी विचारलं. रामलालनं ट्रंक खाली ठेवली. अण्णांनी लिहिलं नाही का, असं विचारलं, आणि मग पुन्हा ट्रंक उचलली.

ताई दारातच होती. तिनं मला आत जाऊ दिलं नाही, आधी ओसरीच्या कडेला नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनला इंदूरला चला म्हटलं तर दत्तू येईपर्यंत नाही म्हणतात. परदेशी असलेल्याला घरचं दुखणं कळवायचं नाही, म्हणून तिला शपथ घातली होती.

"आणि मांडूचं धुकं?" मी विचारलं.

"धुकं कुठलं रे," ताई म्हणाली. "लख्ख धूप पडली होती."

* * *

आता शेवटचं.

अण्णा खाटेवर बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग चेहऱ्यावरून, मग कानांवरून. कानटोपी आहे का ते बघत असावेत! मी अडखळलो. इतके पाढे म्हणूनसुद्धा मला एक वाक्य सुचेना.

"बारनिशी काढ," अण्णा म्हणाले.

वही नेहमीच्या फळीवर होती. दौत, टाक, सगळं जागच्या जागी. मी मांडी घालून बसलो. शेवटची पानं बघवत नव्हती. अक्षरं एकावर एक चढलेली, ओळ सोडून गेलेली. पण एकही नंबर चुकलेला नव्हता.

"आवक लिही. आजची तारीख. चिरंजीव दत्तात्रय. समक्ष हजर."

मी लिहिलं.

"आता जावक. मागं जा. बारा नंबर काढ."

मी पानं उलटत मागं गेलो. तेव्हाचं अक्षर अजून चांगलं होतं, बारीक, सरळ. अकरा. त्याखाली बारा. चि. दत्तात्रय यास. पुढच्या रकान्यात विषय, "परत येण्याबाबत." त्याच्या पुढं शेरा, "पाठविले नाही."

मी वाचून दाखवलं नाही. अण्णांनी वाच असं म्हटलंही नाही. ताई दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"सापडलं?"

"हो."

"शेऱ्यापुढं जागा आहे ना? तिथं लिही, निकाली."

मी टाक बुडवला आणि लिहिलं.

"तारीख घातलीस?" अण्णांनी विचारलं.